रस्त्यावरचा खडा, अंगठीतला खडा : जॉर्ज कुंझ यांची ओळख



पहिली-दुसरीतल्या मुलांचे खिसे किंवा दप्तराचा खालचा कप्पा कधी रिकामा करून बघितलाय? चिंचोके, बाटल्यांची झाकणं, पेन्सिलीचे तुकडे आणि हमखास दोन-चार खडे निघतात. एखादा गुळगुळीत, एखादा पट्ट्यांचा, एखादा उन्हात चमकणारा. आपण काय करतो? कचरा म्हणून फेकून देतो.

मराठीत 'खडा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. डाळ निवडताना सापडतो तोही खडा आणि सोनाराकडे अंगठीत बसवतात तोही खडाच. एखाद्याला सगळं बारकाईनं माहीत असेल तर त्याला खडान्‌खडा माहिती आहे असं आपण म्हणतो. आज ज्यांची ओळख करून देणार आहे त्यांनी या तिन्ही अर्थांनी आयुष्यभर खडेच वेचले. त्यांचं नाव जॉर्ज फ्रेडरिक कुंझ. जगभरातले रंगीत खडे गोळा करणारा, त्यांना नावगाव देणारा आणि हिऱ्याच्या पंगतीत मानानं बसवणारा हा माणूस. रत्नं जमवण्यात माणसाला एवढी गोडी का वाटते, हे त्यांच्या चरित्रातून फार छान कळतं.

बोगद्यातली शाळा

जॉर्जचा जन्म २९ सप्टेंबर १८५६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. लहान असताना त्याने तिथल्या बारनम यांच्या प्रसिद्ध संग्रहालयात मांडून ठेवलेली खनिजं पाहिली. त्या संग्रहालयात प्राणी होते, अजब वस्तू होत्या, लोकांची झुंबड उडायची. पण या पोराचे डोळे खिळले ते दगडांवर! पुढे १८६५ मध्ये ते संग्रहालय आगीत जळून गेलं, मात्र जॉर्जच्या मनातलं दगडांचं वेड काही गेलं नाही.

नंतर कुंझ कुटुंब नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यातल्या होबोकन गावी राहायला गेलं. जवळच बर्गन हिल नावाची टेकडी होती. तिच्या पोटातून रेल्वेचे बोगदे खणले जात होते. सुरुंग लावून काळा कातळ फोडायचा, डबर बाहेर आणून टाकायचा, असं काम. मजुरांच्या दृष्टीने तो नुसता राडारोडा. जॉर्ज मात्र त्या ढिगाऱ्यात शिरायचा. काळ्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये त्याला पांढरे, गुलाबीसर, काचेसारखे लखलखीत स्फटिक सापडायचे. या खनिजांच्या गटाला झिओलाइट म्हणतात.

इथे आपण महाराष्ट्रातल्या वाचकांनी थोडं थांबायला हवं. बर्गन हिलचा काळा दगड आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा जवळचा भाऊबंद आहे. दोन्ही तप्त शिलारस थंड होऊन बनलेले. अशा खडकातल्या पोकळ्यांमध्ये पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहतं आणि त्यातून स्फटिक वाढतात. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांत विहिरी खणताना, रस्ते फोडताना आणि दगडखाणींत असेच सुंदर झिओलाइट निघतात. जगभरातल्या संग्रहालयांत आपल्याकडचे नमुने मानानं ठेवलेले आहेत. म्हणजे होबोकनच्या मुलाला जो खजिना मिळाला, तसाच आपल्या कितीतरी शाळांच्या आसपास पडलेला आहे.

जॉर्जचा छंद नुसता गोळा करण्यापुरता राहिला नाही. हा दगड कोणता, कुठे मिळतो, याच्यासारखा दुसरा कुठला, हे तो शोधायचा. पुस्तकं वाचायचा. दूरदूरच्या संग्राहकांना पत्रं लिहायचा आणि आपल्याकडचे जास्तीचे नमुने देऊन त्यांच्याकडचे मागवायचा. त्या काळी ना फोन, ना इंटरनेट. पोस्टातून येणाऱ्या एकेका दगडाबरोबर एकेक देश त्याच्या घरात यायचा. भूगोलाचा याहून चांगला तास कोणता असेल, सांगा!

वयाची विशी गाठण्याआधीच त्याच्याकडे ४,००० हून अधिक नमुने झाले होते. तो संग्रह त्याने ४०० डॉलरला मिनेसोटा विद्यापीठाला विकला. म्हणजे ज्याने स्वतः विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती, त्याच्या दगडांवरून विद्यापीठातले विद्यार्थी शिकू लागले.

पदवी नाही, पण शिक्षण थांबलं नाही

कुंझ यांनी न्यूयॉर्कमधल्या कूपर युनियन या संस्थेत रात्रीच्या वर्गांना हजेरी लावली. पीटर कूपर या उद्योगपतीने कष्टकरी घरांतल्या मुलांना शिकता यावं म्हणून ती संस्था १८५९ मध्ये उभारली होती. खनिजशास्त्र मात्र ते बहुतांशी स्वतःच शिकले. दगड हातात घ्यायचा, वजन बघायचं, कठीणपणा तपासायचा, उजेडात फिरवायचा, पुस्तकाशी ताडून पाहायचा. पुढे कोलंबिया विद्यापीठाने आणि जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाने त्यांना सन्मानाने पदव्या दिल्या. आधी ज्ञान, मग पदवी, असा हा उलटा प्रवास आहे.

टिफनीच्या दुकानात एक हिरवा खडा

तरुणपणी कुंझ यांनी टूर्मलीन नावाचा एक हिरवा खडा घेतला आणि थेट न्यूयॉर्कच्या टिफनी अँड कंपनीत नेला. ही अमेरिकेतली नामांकित सराफी पेढी. मालक चार्ल्स टिफनी यांनी तो खडा बघितला आणि विकत घेतला.

ही गोष्ट वाचायला साधी वाटते, पण त्या काळात ती मोठी होती. मोठ्या पेढ्यांत मान होता तो हिरा, माणिक, नीलम, पाचू आणि मोती यांना. बाकीचे सगळे रंगीत खडे हलक्या प्रतीचे. आपल्याकडेही पाहा ना, काही मोजकी 'रत्नं' आणि उरलेली सगळी 'उपरत्नं'. एकदा 'उप' लागलं की बघणाऱ्याची नजरच बदलते. कुंझ यांचं म्हणणं होतं की रंग, तेज आणि टिकाऊपणा बघा, खड्याला आधीपासून लागलेली चिठ्ठी बघू नका.

१८७९ साली कुंझ टिफनी पेढीत रत्नतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. पुढे ते तिथे उपाध्यक्ष झाले आणि जवळजवळ अर्धशतकाहून अधिक काळ त्याच पेढीशी जोडलेले राहिले.

सुरुवातीच्याच काळातली एक मोठी जबाबदारी म्हणजे पिवळा हिरा. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली इथे १८७७ मध्ये तो सापडला होता. कच्च्या खड्याचं वजन होतं २८७.४२ कॅरेट. टिफनी यांनी तो १८,००० डॉलरला घेतला. कुंझ यांच्या देखरेखीखाली पॅरिसमध्ये त्याला पैलू पाडले गेले. नेहमीच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, याला ८२ पाडले. तयार हिरा भरला १२८.५४ कॅरेट. म्हणजे निम्म्याहून जास्त दगड घासून गेला! मोठा दिसण्यापेक्षा त्याचा पिवळा रंग आतून उजळून दिसावा, याला महत्त्व दिलं गेलं. वजनाचा मोह सोडून रंग निवडणं सराफी व्यवहारात सोपं नसतं.

रंग येतो कुठून?

चरित्र जरा बाजूला ठेवून थोडं विज्ञान बघू, म्हणजे कुंझ यांना रंगाचं एवढं वेड का होतं ते समजेल.

माणिक आणि नीलम हे मुळात एकच खनिज आहे. त्याचं नाव कोरंडम. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग अगदी शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. त्यात क्रोमियम चिमूटभर मिसळलं की ते लाल होतं, त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळं होतं, तो नीलम. बेरिल नावाच्या खनिजाचंही तसंच. क्रोमियममुळे हिरवा पाचू, लोहामुळे समुद्राच्या पाण्यासारखा निळा अ‍ॅक्वामरीन आणि मँगनीजमुळे गुलाबी खडा. हे तेच मँगनीज, ज्याच्या खाणी आपल्याकडे नागपूर-भंडारा भागात आहेत.

म्हणजे ज्याला आपण 'अशुद्धी' म्हणतो तीच रंग देते! ही गोष्ट पाचवी-सहावीच्या मुलांना सांगून बघा, डोळे विस्फारतात.

शिवाय प्रत्येक जागेची माती वेगळी, खडक वेगळे, म्हणून तिथला रंगही वेगळा. जगभरातून खडे जमवण्याची खरी ओढ इथे आहे. एकेक खडा म्हणजे पृथ्वीच्या एकेका कोपऱ्याने पाठवलेलं पत्रच.

देशोदेशीचे खडे

कुंझ अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेसाठीही १८८३ पासून सुमारे पाव शतक काम करत होते. देशात कुठे कोणता मौल्यवान खडा सापडला याचा वार्षिक अहवाल ते लिहायचे. १८९० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रत्नांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. रत्नं फक्त पूर्वेकडच्या देशांतच असतात, अशी समजूत अनेकांची होती. आपल्या पायाखाली काय आहे ते आधी बघा, असं त्यांनी आपल्या देशवासीयांना दाखवून दिलं.

याचं एक उदाहरण मोंटाना राज्यातलं. जेक हूवर नावाचा एक माणूस तिथल्या योगो भागात सोनं शोधत होता. सोनं फारसं मिळेना, पण वाळू चाळताना निळे खडे मात्र सारखे अडकायचे. त्याने ते सिगारच्या खोक्यात भरून तपासणीला पाठवले. फिरत फिरत ते खोकं कुंझ यांच्या टेबलावर आलं. त्यांनी ओळखलं, हे तर उत्तम प्रतीचे नीलम! हूवरला ३,७५० डॉलरचा धनादेश गेला. सोन्याच्या नादात जे बाजूला टाकायचं, त्यातच खरी कमाई होती. पण ओळखणारी नजर लागते.

रशियातल्या उरल पर्वतातले हिरवे गार्नेट कुंझ यांना फार आवडायचे. गार्नेट म्हणजे आपला तामडा. तो लालच असतो असं आपल्याला वाटतं, पण हा हिरवागार आणि तेजाने हिऱ्याशी स्पर्धा करणारा. तो मिळवायला ते थेट रशियात गेले. १८९९ मध्ये युरोपात, आजच्या पोलंडमधल्या एका खाणीत, त्यांना जेड या हिरव्या दगडाचा प्रचंड धोंडा सापडला. वजन दोन टनांहून जास्त! खिशात मावणाऱ्या खड्यांपासून सुरू झालेला छंद कुठवर गेला बघा.

एवढं सगळं जमवून त्यांनी घरात कुलूप लावून ठेवलं असतं, तर ते फक्त एक हौशी श्रीमंत ठरले असते. पण तसं झालं नाही. १८८९ आणि १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांसाठी त्यांनी टिफनी पेढीतर्फे रत्नांचे संग्रह तयार केले. जे. पी. मॉर्गन या बड्या बँकमालकाने ते विकत घेऊन न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला देऊन टाकले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातला संग्रह तिथल्या फील्ड संग्रहालयात गेला. पैसा दुसऱ्यांचा, नजर कुंझ यांची आणि बघायला मिळालं सगळ्यांना.

न्यूयॉर्कच्या त्या संग्रहात 'स्टार ऑफ इंडिया' नावाचा प्रसिद्ध नीलम आहे. वजन ५६३.३५ कॅरेट. वरून प्रकाश पडला की त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. नावात इंडिया असलं तरी खडा श्रीलंकेचा आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. नाव आणि मूळ गाव यांत फरक असू शकतो. १९६४ मध्ये तो चोरीलाही गेला होता, पण पुढच्याच वर्षी परत मिळाला.

त्यांच्या नावाचा खडा

१९०२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाला भागातून काही गुलाबी-जांभळे खडे कुंझ यांच्याकडे आले. तपासल्यावर कळलं की हे स्पॉड्युमीन नावाचं खनिज आहे, पण या रंगाचं आणि एवढं नितळ पूर्वी बघण्यात आलेलं नव्हतं. चार्ल्स बास्करव्हिल या रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये त्याला 'कुंझाइट' असं नाव दिलं. त्या वर्षी दोघांनी मिळून संग्रहालयातल्या हजारो खनिजांवर अतिनील किरण, क्ष-किरण आणि रेडियम यांचे प्रयोग केले. त्यात कुंझाइट अंधारात सुंदर चमकला.

हा खडा मोठा नाजूक स्वभावाचा आहे. एका बाजूने बघितला तर गडद, दुसऱ्या बाजूने फिका. चुकीच्या ठिकाणी ठोका बसला की सरळ दुभंगतो. जास्त वेळ उन्हात राहिला तर रंग उतरतो. म्हणून तो संध्याकाळी घालायचा खडा मानला जातो. आणि गंमत म्हणजे ज्या खनिजाचा तो प्रकार आहे, त्यातूनच आज मोबाइलच्या बॅटरीला लागणारं लिथियम काढतात.

१९१० मध्ये मादागास्करहून आलेल्या गुलाबी बेरिलला कुंझ यांनी मॉर्गन यांच्यावरून 'मॉर्गनाइट' हे नाव सुचवलं. इथे एक विचार मनात येतो. खड्यांना नावं मिळाली तज्ज्ञाची आणि धनिकाची. ज्यांनी ते खणून काढले त्या मजुरांची नावं कुठल्याच खड्याला नाहीत. वरच्या वर्गांतल्या मुलांशी यावर जरूर बोला.

कॅरेट म्हणजे किती?

कुंझ यांचं आणखी एक काम आपल्या गणिताच्या तासाला उपयोगी आहे. पूर्वी रत्नं कॅरॉब झाडाच्या बियांनी तोलत, त्यावरूनच कॅरेट हा शब्द आला. आपल्याकडे गुंजेने सोनं तोलत, तसंच. पण शहरागणिक कॅरेट थोडा थोडा वेगळा असायचा. एकाच खड्याचं वजन इथे एक आणि तिथे दुसरं. घेणाऱ्याची फसगत ठरलेली.

कॅरेट सगळीकडे बरोबर २०० मिलिग्रॅमचा असावा, असा आग्रह कुंझ यांनी धरला. दशमान पद्धतीचे ते खंदे पुरस्कर्ते होते. १९०७ मध्ये मेट्रिक कॅरेटला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि १ जुलै १९१३ पासून अमेरिकेत तो लागू झाला. आता ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, हिशेब सोपा. सोन्याचा २२ किंवा २४ कॅरेट मात्र वेगळा. तो शुद्धता सांगतो, वजन नाही. हा घोळ मोठ्यांचाही होतो.

खडे आणि समजुती

१९१३ मध्ये कुंझ यांनी रत्नांविषयीच्या लोकसमजुतींवर एक पुस्तक लिहिलं. त्यात देशोदेशीच्या श्रद्धा आहेत, आपल्या नवरत्नांचाही उल्लेख आहे. त्यांनी या समजुतींची टर उडवली नाही. माणसाला रंगांचं आकर्षण किती जुनं आहे हे त्यातून दिसतं, म्हणून ते जपून नोंदवलं.

पालकहो, इथे एक गोष्ट मनापासून सांगते. परीक्षेत यश मिळावं म्हणून मुलाच्या बोटात महागडा खडा घालण्यासाठी काही घरं कर्ज काढतात. खडा सुंदर असतो, तो हौसेने जरूर घालावा. पण अभ्यास खडा करत नाही. ज्या मुलाच्या बोटात खडा आहे त्याला तो काय आहे, कुठून आला, त्याला रंग कशाने आला हे विचारायला शिकवलं, तर त्या खड्याचा अभ्यासाला खरंच उपयोग होईल!

अखेरची वर्षं

कुंझ यांच्या घरातही रत्नंच होती म्हणायची. एका मुलीचं नाव रुबी, म्हणजे माणिक. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी १९२३ मध्ये दुसरं लग्न केलं, त्या पत्नीचं नाव ओपल. ओपल कुंझ विमान चालवायच्या आणि १९२९ च्या महिलांच्या प्रसिद्ध विमानशर्यतीत त्या उतरल्या होत्या.

२९ जून १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कुंझ यांचं निधन झालं. त्यांनी जमवलेली रत्नविषयक पुस्तकं भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेच्या ग्रंथालयात गेली. खडे संग्रहालयात आणि पुस्तकं ग्रंथालयात. दोन्ही सर्वांसाठी खुलं.

वर्गात काय करता येईल?

१. प्रत्येक मुलाने एक खडा आणावा. घराजवळचा, शेतातला, नदीकाठचा, चालेल. त्यासोबत चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या : कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला. चिठ्ठी नसेल तर तो नुसता दगड, चिठ्ठी असेल तर नमुना.

२. रंग, वजन, खरखरीतपणा यांनुसार गट पाडायला द्या. गारगोटी, बेसाल्ट, अकीक हे ओळखायला सोपे असतात. नखाने, नाण्याने, खिळ्याने ओरखडा उठतो का ते बघा.

३. अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन वर्गाचं छोटं संग्रहालय करा. खर्च शून्य.

४. नकाशावर श्रीलंका, मादागास्कर, उरल, किंबर्ली, कॅलिफोर्निया शोधून खुणा करायला सांगा.

५. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ 'गारगोटी' हे खनिजांचं संग्रहालय आहे. जवळपासच्या शाळांनी सहलीत जरूर ठेवावं.

एक सूचना : मुलांना दगड फोडू देऊ नका, डोळ्यात कपची उडते. चालू खाणीत किंवा रस्त्याच्या कामावर पाठवू नका. देवस्थानातले, गडकिल्ल्यांवरचे दगड उचलायचे नाहीत, हेही सांगा.

शेवटी एवढंच म्हणेन. आपल्या वर्गातही काही मुलांना आपण 'रत्न' म्हणतो आणि उरलेल्यांना नकळत 'उप' लावतो. कुंझ यांनी एकेक खडा हातात घेतला, उजेडात फिरवला, कुठल्या बाजूने रंग दिसतो ते शोधलं. काही खड्यांना तो एकाच बाजूने दिसतो. कुंझाइटसारख्या खड्यांना तर ठोका मारून चालत नाही, कडक उन्हात ठेवून चालत नाही. पण योग्य बाजू सापडली की ते असे काही उजळतात की बघत राहावं.

तेव्हा उद्या कुणाच्या दप्तरातून खडा निघाला, तर फेकायच्या आधी एकदा विचारा, बाळा, हा कुठे सापडला रे तुला?